विहीर, ओढा आणि नदी: पाणी जमिनीत कुठे साठतं, कुठे जातं? शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो,

रब्बी सुरू झाल्यापासून पाण्याविषयी आलेले प्रश्न वरवर वेगळे दिसतात. नदीकाठी विहीर असून ती जानेवारीत का आटते, शेजाऱ्याला पाणी आणि मला कातळ का, बोअर किती फूट घ्यावं, ओढा खोल केला तर विहिरी उलट लवकर का बसल्या (आटल्या), नदी माझं रान का तोडते आहे. पण ओढ्यातलं पाणी आणि विहिरीतलं पाणी ही दोन वेगळी पाणी नाहीत. पाऊस जमिनीत मुरतो, उताराने सावकाश सरकतो आणि सखल जागी ओढ्या-नदीत बाहेर पडतो. मधल्या वाटेवर आपण विहीर खणतो. हे लक्षात ठेवलं तर सगळी उत्तरं एकमेकांशी जुळतात, म्हणून ती इथे एकत्र देतो.

प्रश्न: माझी विहीर नदीपासून दीडशे फुटांवर आहे. पावसाळ्यात तोंडाला येते, पण जानेवारीत दोन तास मोटर चालली की तळ दिसतो. नदी एवढी जवळ असून असं का?

नदी विहिरीला पाणी देते असं आपण धरून चालतो. आपल्या भागात बहुतेक वेळा उलट असतं. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्याला जे नितळ पाणी वाहतं ते आभाळातून आलेलं नसतं, ते शिवारातल्या जमिनीतून पाझरून आलेलं असतं. म्हणजे त्या दिवसांत तुमच्या विहिरीतलं पाणी नदीकडे निघालेलं असतं. वरच्या अंगाच्या शिवारातली पातळी जसजशी खाली जाते तसा हा पाझर बारीक होतो, आणि तो थांबला की नदीही थांबते. तुम्हाला वाटतं नदी आटली म्हणून विहीर आटली. खरं तर दोन्ही एकाच कारणाने आटल्या.

तुमच्याकडे नेमकं काय चाललंय हे घरच्या घरी तपासता येतं. गवंडी लेव्हल घ्यायला पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या. सकाळी मोटर सुरू करण्याआधी विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत टेपने माप घ्या. मग कठड्याची लेव्हल नळीने टप्प्याटप्प्याने नदीपर्यंत न्या आणि नदीचं पाणी, नाहीतर तळ, त्या लेव्हलपासून किती खाली आहे ते मोजा. विहिरीचं पाणी नदीपेक्षा वर असेल तर पाणी नदीकडे चाललं आहे. खाली असेल तर नदी विहिरीला देते आहे, पण तेही मधला थर पाणी जाऊ देणारा असेल तरच. डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशी तीनदा मोजणी केलीत की दिशा कधी फिरते ते समजेल.

आता "दोन तासांत तळ" या भागाकडे येऊ. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे एकावर एक थर पसरले, त्यातून हा खडक झाला. या खडकात पाणी साठायला जागा फार थोडी. मुरूम किंवा भेगाळ मांजऱ्या (बारीक छिद्रांचा मऊ) खडक १०० लिटर आकारमानाचा घेतला तर त्यातून जेमतेम १ ते ३ लिटर पाणी सुटतं. अखंड पाषाणातून तर अर्धा लिटरही नाही. तापीकाठच्या वाळूमिश्र गाळात हेच प्रमाण १० ते १६ लिटरपर्यंत जातं. म्हणून जळगावकडच्या केळीच्या शेतकऱ्याचा पाण्याचा अनुभव पारनेर किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याला लागू पडत नाही.

याचा एक फायदा आणि एक तोटा आहे. शंभरात दोन लिटर धरणाऱ्या खडकात फक्त १० मिलिमीटर पाणी मुरलं तरी पातळी अर्धा मीटर वर येते. चांगला पाऊस झाला की विहिरी झपाट्याने भरतात आणि आपण निश्चिंत होतो. पण १० मिलिमीटर उपसलं की तीच पातळी अर्धा मीटर खालीही जाते. भरलेली विहीर म्हणजे भरपूर पाणी, ही समजूत इथे फसवते.

ढोबळ हिशेब मांडून पाहा. ६०० मिलिमीटर पावसाच्या गावात पावसाचा साधारण दहावा हिस्सा खोल मुरला असं धरू, म्हणजे ६० मिलिमीटर. एका एकराला ते होतात सुमारे २ लाख ४० हजार लिटर. आणि एका एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायला लागतात सुमारे २ लाख लिटर. म्हणजे तुमच्या एका एकरावर पडलेल्या पावसातून जमिनीत जे साठलं ते एका पाळीत जवळजवळ संपतं. गव्हाला पाच पाळ्या दिल्या तर तुम्ही चार एकरांहून जास्त जमिनीचं मुरलेलं पाणी वापरलंत. त्यातलाही काही भाग नदीकडे वाहून गेलेलाच असतो. शिवारात पाच-सात विहिरींवर एकाच वेळी गहू, कांदा आणि ऊस असेल तर जानेवारीत काय होणार, हे हा हिशेबच सांगतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा हिशेब गावपातळीवर मांडला. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिकं ठरवायची, असे निर्णय त्या गावाने घेतले. सगळ्या गावांना एवढं जमेलच असं नाही. पण ऑक्टोबरात विहिरीची पातळी मोजून गव्हाऐवजी हरभरा किंवा ज्वारी किती एकर करायची हे ठरवणं एकट्या शेतकऱ्याच्याही हातात आहे. तुषार-ठिबकने पाळीतलं पाणी कमी होतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ओलिताखाली आणले तर विहिरीला काहीच उरत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अनुदानावर संच बसवल्यानंतर नेमकं हेच होताना दिसतं.

प्रश्न: शेजाऱ्याच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी आहे. माझी दोनशे फुटांवर आहे, त्याच्यापेक्षा खोल आहे, तरी कोरडी. जागा चुकली का?

कदाचित चुकली असेल, पण खोली वाढवून ती सुधारेल असं नाही. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की विहिरीत नीट पाहा, शक्य असेल तर दोर बांधून, माणूस सोबत घेऊन उतरून पाहा. वर काळी माती, त्याखाली पिवळट मुरूम. मग बारीक छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. कुठे विटकरी रंगाचा हातभर गेरू. आणि खाली निळसर काळा पाषाण. आता ओल कुठे आहे ते बघा. मुरूम संपतो तिथे गोल फिरणारा ओलसर पट्टा असेल, एखाद्या फटीच्या तोंडाशी शेवाळ असेल किंवा नेच्याचं रोप उगवलं असेल. तिथून तुमची विहीर पाणी पिते. त्या पट्ट्याच्या खाली तुम्ही पाषाणात वीस फूट खणलंत, तर ती पाणी साठवायची टाकी झाली, आवक वाढली नाही.

मांजऱ्यातली छिद्रं दिसतात म्हणून त्यात भरपूर पाणी असेल असं वाटतं. पण बरीच छिद्रं पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात आणि एकमेकांना जोडलेली नसतात. हा खडक कुजलेला, भेगाळलेला असेल तरच पाणी देतो. गेरूचा थर चिकण असतो. पाणी त्यातून खाली जात नाही, त्याच्या डोक्यावरून आडवं सरकतं, त्यामुळे गेरूच्या वरच्या अंगाला अनेकदा झरा मिळतो. मात्र हा थर भिजला की ढासळतो, तिथे बांधकाम करून घ्या.

हेच थर डोंगरात उघडे दिसतात. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात ते यामुळेच. टणक पाषाणाचा कडा उभा राहतो, मऊ मांजऱ्या आणि गेरू झिजून त्यांचा उतार होतो. जिथे मऊ थर संपून टणक थर लागतो, त्या रेषेवर डोंगराला झरे फुटतात. हजारो-लाखो वर्षं ओढे-नद्यांनी हे थर कापले, मऊ भाग रुंद केला, टणक भागात अरुंद घळ ठेवली. कुकडी नदीवर निघोजला पात्रातल्या पाषाणात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून खडक कोरला गेला. पाषाण इतका झिजतो, पण तो पाणी पीत नाही. तुमच्या शेताखालीही हीच थरांची रचना आहे, फक्त मातीने झाकलेली. त्यामुळे जवळच्या ओढ्याची दरड, रस्त्यासाठी खोदलेली कड आणि आसपासच्या चार-पाच विहिरी पाहिल्या तर आपल्या जागी कोणता थर किती खोल लागेल याचा बराच अंदाज येतो. पाणाड्याला बोलावण्याआधी हे करा आणि वहीत लिहून ठेवा.

धुळे-नंदुरबारकडच्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे लाव्ह्याच्या थरांना छेदून वर आलेल्या उभ्या, टणक दगडी भिंती आहेत, त्यांना डाईक म्हणतात. काही ठिकाणी त्या जमिनीखालच्या बंधाऱ्याचं काम करतात. वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या अंगाची विहीर कोरडी राहते. शेजारी भिंतीच्या वर आणि तुम्ही खाली असाल तर दोनशे फुटांत एवढा फरक पडू शकतो.

प्रश्न: विहीर पुरत नाही, आता चारशे फूट बोअर घ्यावं का?

माझं मत स्पष्ट आहे: नको. आपल्या खडकात पावसाचं पाणी दरवर्षी ज्या थरात येतं तो बहुतांशी वरचा कुजलेला आणि भेगाळ थर आहे. खोलवर मिळणारं पाणी थरांमधल्या जोडांत आणि भेगांत अडकलेलं, हळूहळू साठलेलं असतं. ते पहिल्या वर्षी जोरात येतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओसरतं, आणि कर्ज तसंच राहतं.

शिवाय विहिरीच्या जवळ घेतलेलं बोअर स्वतःच्याच विहिरीला मारू शकतं. बोअर वरचा पाण्याचा थर ओलांडून खाली जातं. केसिंग पाईप (बोअरच्या भोकात आतून बसवतात तो पाईप) फक्त मातीपुरता टाकला असेल, तर वरच्या थरातलं पाणी बोअरच्या भोकातून खालच्या कोरड्या भेगांत उतरत राहतं, मोटर बंद असली तरी. रात्री बोअरच्या तोंडाशी कान लावला तर पाणी पडल्याचा आवाज येतो, अनेकांनी तो ऐकला असेल. बोअर आधीच असेल आणि असा आवाज येत असेल, तर तो थर केसिंगने बंद करून घ्या.

कायद्याचंही भान ठेवा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना शेतीसाठी मनाई आहे, आणि गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर परवानगीशिवाय घेता येत नाही. बोअरच्या गाडीवाल्याला हे माहीत असतं, पण तो स्वतःहून सांगेलच असं नाही.

खर्च करायचाच असेल तर विहीर पुनर्भरणावर करा. शेतातून वाहणारं पावसाचं पाणी आधी एका खड्ड्यात थांबवून गाळ बसू द्या, मग दुसऱ्या खड्ड्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू अशा थरांतून गाळून पाईपने विहिरीत सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्या. खत टाकलेल्या किंवा फवारणी झालेल्या रानातलं पाणी सोडू नका, कारण त्याच विहिरीचं पाणी घरात पितात. वाळूचा वरचा थर दरवर्षी पावसाळ्याआधी खरवडून धुवा. हे विसरलं की पुनर्भरण बंद पडतं आणि गढूळ पाणी थेट विहिरीत जाऊन झऱ्यांची तोंडं बुजतात.

प्रश्न: गावात ओढ्याचं खोलीकरण-रुंदीकरण झालं. पावसाळ्यात ओढ्यात पाणी छान दिसलं, पण काठच्या विहिरी उलट लवकर बसल्या. असं कसं?

ओढा हा शिवारातल्या जमिनीखालच्या पाण्याचा सांडवा आहे. सांडव्याची पातळी खाली नेली की साठा त्याच पातळीपर्यंत उतरतो. ओढ्याचा तळ मुरमात असेल आणि तुम्ही मुरूम कापून पाषाणापर्यंत गेलात, तर दोन्ही काठांच्या मुरमातलं पाणी चरात येऊन वाहून जातं किंवा उन्हाने उडून जातं. ओढ्यात दिसलेलं पाणी बहुतेक तुमच्याच विहिरींचं होतं.

म्हणून नियम असा ठेवा. साचलेला गाळ काढा, पण मूळ तळाचा मुरूम कापू नका. तळाला पाषाण असेल तर तो फोडून खड्डा केल्याने मुरणं वाढत नाही, उघडी टाकी तयार होते. सलग चर न खणता मधे मधे न खणलेले पट्टे सोडा, म्हणजे पाणी थांबेल. खोदकाम ठरवण्याआधी दोन्ही काठांच्या विहिरींत मुरूम कुठे संपतो ते मोजा, ही मापं नसताना यंत्र लावू देऊ नका. आणि कामाची सुरुवात ओढ्यापासून नको, माथ्यापासून करा. माथ्यावर समतल चर, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती, पायथ्याला नाला बांध. पाणी वर मुरलं तर त्याला ओढ्यापर्यंत यायला महिने लागतात, आणि तेवढे महिने ते तुमच्या विहिरींजवळून जातं. ओढ्यात अडवलेलं पाणी मात्र शिवाराच्या सगळ्यात सखल जागी अडवलेलं असतं, त्याचा लाभ काठाच्या विहिरींपुरताच.

गावात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) वेळेवर घाला. पूर ओसरून नितळ प्रवाह सुरू झाला की घालायचे. दिवाळीनंतर बघू म्हणून सोडलं तर अडवायला पाणीच उरत नाही.

वाळूविषयी दोन शब्द. नदीच्या पात्रातली जाडसर वाळू आपल्या आकारमानाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी सोडू शकते. एक किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद आणि २ मीटर जाड वाळू पूर्ण भिजलेली असेल तर त्यात सुमारे २ कोटी लिटर वापरण्याजोगं पाणी असतं, आणि वरचा हात-दोन हात थर कोरडा झाला की खालचं पाणी उन्हाने उडत नाही. ही वाळू उपसली की साठाही गेला, आणि पात्र खाली गेल्याने दोन्ही काठांच्या विहिरींचा सांडवाही खाली गेला. रात्री वाळूच्या गाड्या भरल्या जातात तेव्हा ते नुकसान नदीचं एकटीचं नसतं, काठच्या प्रत्येक सातबाऱ्याचं असतं. ग्रामसभेत हा विषय पाण्याचा विषय म्हणून मांडा.

प्रश्न: नदी दर पावसाळ्यात माझ्या रानाचा काठ तोडते. समोरच्याच्या बाजूला मात्र मळई (गाळाची जमीन) वाढते. भिंत बांधावी का?

वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर असतो. तिथे तळ खोल होतो, काठ पोखरला जातो. आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो, तिथे वाळू-गाळ बसतो. नदी सरळ राहत नाही, वळण वाढवत नेते, आणि मैदानी भागातली सुपीक जमीन तिने अशीच बनवली आहे. त्यामुळे तुम्ही बाहेरच्या काठावर आहात का, हे आधी ओळखा.

काठ पुराच्या ऐन जोरात पडतो असं वाटतं, पण पुष्कळदा तो पूर ओसरताना पडतो. पुरात काठाची माती आतपर्यंत भिजते, जड होते. नदीचं पाणी झपाट्याने उतरलं की बाहेरचा आधार जातो, आत मुरलेलं पाणी काठातून बाहेर यायला लागतं आणि दरड सुटते. म्हणून पूर उतरल्यावर दोन-तीन दिवस काठावर ट्रॅक्टर नेऊ नका, जनावरं बांधू नका. काठालगत पाणी तुंबू देऊ नका. रानातलं पावसाचं पाणी काठावरून कुठेही कोसळू न देता एका जागी पाईपने किंवा दगडी फरसबंदीवरून उतरवा, कारण तिथूनच घळ पडायला सुरुवात होते.

उभी दरड असेल तर तिला उतार द्या. पायथ्याशी दगड, त्यावर वाळा आणि बांबू, वरच्या अंगाला करंज लावा. वाळ्याची मुळं खोल आणि दाट जातात, ती माती धरून ठेवतात. काठालगतची पट्टी नांगरू नका, तिथे कायम गवत असू द्या. ही पट्टी सोडायला जिवावर येतं, मला माहीत आहे, पण न सोडलेली पट्टी नदी घेते. एकट्याने उभी काँक्रीटची भिंत बांधण्याच्या फंदात पडू नका. तिचा पाया पुरात पोखरला जातो, आणि टिकली तर तोच जोर खालच्या शेतकऱ्याच्या किंवा समोरच्या काठावर जातो. वळण लांब असेल तर दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी मिळून जलसंपदा विभागाकडे अर्ज करावा.

प्रश्न: आमच्याकडे पाणी भरपूर लागतं, पण खारं. जास्त खोल गेल्यास गोड लागेल का?

अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या पूर्णा नदीच्या गाळपट्ट्याचा, म्हणजे खारपाण पट्ट्याचा, हा प्रश्न आहे. तिथे खोल गेल्याने पाणी गोड होईल अशी आशा धरू नका. ते पाणी काळ्या चिकण जमिनीला दिलं की माती घट्ट होते, निचरा बंद पडतो, आणि एकदा बिघडलेली जमीन सुधारायला वर्षं जातात. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरा आणि ते संरक्षित पाळीसाठी ठेवा. सिंचनाआधी पाण्याचा नमुना तपासून घ्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून, मोटर अर्धा तास चालल्यावर भरायची आणि लगेच प्रयोगशाळेत द्यायची.

विहिरीच्या जागेविषयी किंवा पातळीविषयी पुढचा प्रश्न पाठवताना चार गोष्टी सोबत लिहा: विहिरीची एकूण खोली, ओलसर पट्टा कठड्यापासून किती फुटांवर आहे, ऑक्टोबर आणि मार्चमधली पातळी, आणि मोटर बंद केल्यावर विहीर पुन्हा भरायला किती तास लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुमचं गाव ज्या पाणलोटात येतं तिथल्या नोंदी जिल्हा कार्यालयात मिळतात. तुमची मापं त्याच महिन्यांत घेतलीत तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.